बाकीचं तू खा

तांबट आळी, कसबा पेठ
६ जानेवारी २०२५

चि. तनुजास गोपाळमामाचे पोतंभर आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पाकिटावर पिनकोड नव्हता आणि पत्ता होता 'गोपाळमामा, तांब्याचं दुकान, कसबा पेठ'. आमच्या आळीत तांब्याची दुकानं किती आहेत हे तुला ठाऊक असायला हरकत नव्हती. चार दुकानं फिरून, चार जणांनी उजेडात धरून बघून झाल्यावर ते माझ्या हाती आलं. पुढच्या वेळी गोपाळकृष्ण असं पूर्ण नाव लिही. वडिलांनी एवढं लांबलचक ठेवलंय ते वापरायलाच.

तू धायरीला खोली घेऊन राहिलीस आणि फोन बंद करून टाकलास हे वाचलं. लोक शांततेसाठी हिमालयात जातात, तू सिंहगड रस्त्याने गेलीस. ज्याची त्याची श्रद्धा. पण फोन बंद केलास ते उत्तम. मला फोनवर पहिल्यापासून जमत नाही. समोरच्याचा चेहरा दिसत नसेल तर बोलण्यात काय अर्थ आहे? तू पत्र लिहीत जा, मी उत्तर देत जाईन.

आता तुझा प्रश्न. पहिलं गाणं एवढं गाजल्यावर दुसरा अल्बम करावा की गाणंच सोडून द्यावं? मी तांबट माणूस, मला गाण्यातलं काय विचारतेस. पण एक सांगतो. गिऱ्हाईक येतं, मागच्या वर्षीचं घंगाळ दाखवतं आणि म्हणतं, डिट्टो असंच द्या. मी हो म्हणतो आणि वेगळं देतो. पत्रा वेगळा असतो, त्या दिवशीचा हात वेगळा असतो. डिट्टो करायला गेलं की मठारकामाच्या, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांच्या, ओळी वाकड्या जातात. एका ठोक्याला लागून दुसरा ठोका पडला पाहिजे, मागच्या वर्षीच्या ठोक्याला लागून नव्हे.

तुझी आई असती तर तिने हेच दोन शब्दांत सांगितलं असतं. ताईला जाऊन एप्रिलमध्ये वर्ष होईल. अजून सणावाराला तिचं ताट वाढायला हात जातो.

नवी गाणी ऐकवायची म्हणतेस तर पाठव. सोनाली लावून देईल. विश्वजीतला चाकणच्या कारखान्यातून उसंत नसते, त्यामुळे घरात दिवसभर मी आणि माझी ही सून. खरं काय ते सांगेन, गोड बोलणार नाही.

तुझा,
गोपाळमामा


धायरी
१४ जानेवारी २०२५

प्रिय गोपाळकृष्णमामा,

(घे, पूर्ण नाव. पिनकोडसुद्धा घातलाय.)

तिळगूळ पाठवत नाही, मुंग्या लागतील. त्याऐवजी पुठ्ठ्याला चिकटवलेला पेनड्राइव्ह आहे. त्यात तीन गाणी आहेत.

मामा, तुला एक गोष्ट सांगितली नव्हती. डिसेंबरमधल्या कार्यक्रमात मी पहिल्यांदाच एक नवं गाणं म्हटलं. हळू गाणं होतं, नुसती गिटार. दुसऱ्या ओळीलाच मागून ओरडा सुरू झाला, "बस! बस!" मला वाटलं पुरे म्हणतायत. मग कळलं, त्यांना 'सव्वासातची बस' पाहिजे होती. मी गिटार खाली ठेवली आणि 'बस' म्हटलं. तीनदा म्हटलं. पाच हजार माणसं नाचत होती आणि मला आतून रडू येत होतं. घरी आल्यावर ठरवलं, एक तर हे सोडायचं नाहीतर नीट करायचं.

कंपनीचा अनिरुद्ध चांगला माणूस आहे, पण त्याचं एकच पालुपद: "त्या बसची धाकटी बहीण दे." म्हणजे तुझ्या हातोडीचा ठोका प्रत्येक गाण्यात. चार वर्षांपूर्वी मी तुझ्या दुकानात बसून मोबाइलवर तो ठोका रेकॉर्ड केला, तेव्हा वाटलं होतं का, त्यावर लोकांच्या वराती नाचतील? ३१ मार्चला सगळी गाणी द्यायची आहेत. माझ्याजवळ तीन आहेत आणि भीती भरपूर.

तूच का, ते सांगते. गाणं गाजलं तेव्हा सगळे म्हणाले ग्रेट, अमेझिंग, गूजबम्प्स. तू एकट्याने कार्डावर लिहून पाठवलंस, "छान. पण तिसऱ्या कडव्याआधी एक ठोका जादा पडलाय." मी स्टुडिओत जाऊन मोजलं. खरंच होता! चार इंजिनियर आणि एक संगीत संयोजक, कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्या दिवसापासून मी सगळीकडे सांगते, माझा मामा माझा कान आहे. पेपरातसुद्धा सांगितलं.

म्हणून ठरवलंय. तू ठेव म्हणशील ते ठेवायचं. तू टाक म्हणशील ते कायमचं पुसायचं, लॅपटॉपमधूनही. उरलं की मला मोह होतो, मग मी त्याला ठोका जोडत बसते. तूही तुझ्याकडचं पुसून टाकायचंस. आणि शब्द मुद्दाम लिहून पाठवत नाही. कानानेच ऐक, वाचू नकोस.

तुझी,
तनु


तांबट आळी
२४ जानेवारी २०२५

चि. तनुजास आशीर्वाद.

पेपरातलं ते कात्रण सोनालीने दुकानात चिकटवलंय. गिऱ्हाइकं वाचतात आणि मग मला गाण्यातलं विचारतात. काल एकाने बंब घेता घेता विचारलं, हल्लीच्या संगीताबद्दल तुमचं काय मत? म्हटलं, बंब घ्या.

तिन्ही गाणी नीट ऐकली. लिहितो.

पहिलं ठेव. सुरू झाल्याबरोबर माणसाचा हात थांबतो. लाटणं तसंच पोळीवर राहतं आणि तव्यावरची करपते. करपली तरी कळत नाही. असं गाणं टाकू नये.

दुसरं अर्धं बरं आहे. सुरुवातीला मान हलते, पण मध्ये कुठेतरी माणूस खिडकीबाहेर बघायला लागतो. भाजीवाला आला की काय, असं. ते मधलं काढ.

तिसरं टाक. ऐकताना चेहऱ्यावर ओळखीचं हसू येतं, पण ते शेजारणीला बघून येतं तसलं. त्या गाजलेल्या गाण्याची नक्कल असणार.

रागावू नकोस. ताई म्हणायची, गोपाळ तोंडाने हातोडी चालवतो. पण ज्याचा हात थांबला त्याचं मन थांबलं, एवढं मला कळतं.

इथे सगळं ठीक. नोव्हेंबरमध्ये एका देवळाच्या कळसाचं काम आलंय, हळूहळू चाललंय.

गोपाळमामा


धायरी
८ फेब्रुवारी २०२५

प्रिय मामा,

तुझं पत्र मी भिंतीवर लावलंय. "पोळी करपली तरी कळत नाही"! मामा, मोठमोठे समीक्षक माझ्याबद्दल लिहितात, 'नव्या पिढीचा हळवा उद्गार' वगैरे. त्यातल्या एकालाही असं लिहिता आलं नाही. तिसरं गाणं खरंच नक्कल होतं. मला माहीत होतं, फक्त कोणीतरी सांगायला पाहिजे होतं. पुसून टाकलं. दुसऱ्याचं मधलं काढलं आणि ते एकदम उभं राहिलं.

तुझ्या पत्रानंतर पंधरा दिवसांत सहा गाणी झाली. सकाळी उठते, गच्चीत चहा घेते. समोर एक नवी इमारत आणि तिच्यापलीकडे अजून एक ज्वारीचं वावर शिल्लक आहे. गेनबा म्हणून एक आजोबा तिथे पाखरं हाकायला असतात. काल मला म्हणाले, "पोरी, तू रोज कुनाला हाका मारती गं? कुनी येत तर न्हाय." मी म्हटलं, गाते. ते म्हणाले, "आसं व्हय. मग मार."

सहाही पाठवते आहे. अनिरुद्धला अजून ऐकवलेली नाहीत. एकातही ठोका नाही, त्यामुळे तो आजारी पडेल. त्यातलं पाचवं जरा जपून ऐक. ते कशाबद्दल आहे ते सांगत नाही. ते म्हणताना मला दोनदा थांबावं लागलं आणि रेकॉर्डिंगमध्ये एका ठिकाणी आवाज फाटलाय. चांगलं आहे की मी नुसतीच हळवी झाले आहे, हे मला खरंच कळत नाही. बाकीच्या पाचांबद्दल तू काहीही म्हण. पाचव्याबद्दल तू म्हणशील तेच मी करणार.

आणि मी एखाद्या रविवारी दुकानात येऊ का? तोंड बांधून येते, कोणी ओळखणार नाही. तुला ऐकताना बघायचंय.

तनु


तांबट आळी
१८ फेब्रुवारी २०२५

चि. तनुजास आशीर्वाद.

रविवारी येऊ नकोस. भट्टीचं काम काढलंय, दुकानात पाय ठेवायला जागा नाही, सगळी राख. पुढच्या रविवारी पण तेच असेल. तुझं काम मोडून येऊ नकोस, अल्बम झाल्यावर निवांत ये.

सहा गाणी ऐकली. पहिलं, दुसरं, चौथं, सहावं ठेव. सहाव्याला तर पायाचा अंगठा हलत होता, बघायला मजा वाटली. तिसऱ्याचा शेवट लांबलाय, माणूस संपायची वाट बघतो.

पाचव्याचं तू विशेष विचारलंस म्हणून दोन वेळा लावलं. तनू, ते सोडून दे. त्यात माणूस बसत नाही. दोन्ही वेळा पहिलं कडवं संपायच्या आत उठून गेला. जे ऐकताना माणूस उठून जातो ते गाणं लोकांपुढे नेऊ नये. तुझी मेहनत असेल, पण मेहनतीने काढलेल्या घागरीलाही कधी कधी पोचा राहतो.

गोपाळमामा


धायरी
२५ फेब्रुवारी २०२५

प्रिय मामा,

पत्र मिळालं. पाचवं पुसलं. सगळीकडून पुसलं. तूही पूस.

खोटं कशाला बोलू, खूप रडले. पण बोलल्याप्रमाणे केलं. तू दोनदा ऐकूनही उठून गेलास, म्हणजे ते फक्त माझं होतं, गाणं नव्हतं. बरं झालं, लोकांपुढे हसं झालं नाही.

आता काही दिवस पत्र लिहिणार नाही. उरलेलं एखादं गाणं पुरं करून देते आणि मोकळी होते.

तनु


कसबा पेठ
३ एप्रिल २०२५

प्रिय तनुजाताई,

सप्रेम नमस्कार. मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही, त्यामुळे चुकलं तर सांभाळून घ्या. तुमचा फोन बंद आहे म्हणून हा मार्ग.

काल ह्यांनी मोबाइलवर दाखवलं, कंपनीने तुमच्या अल्बममधल्या गाण्यांची नावं जाहीर केली आहेत. आठ गाणी. मी दोनदा वाचली. 'बाकीचं तू खा' त्यात नाही. मी बाबांना विचारलं, तनुजाताईंनी ते गाणं का नाही घेतलं? ते म्हणाले, कोणतं? मी सांगितलं, पाचवं. ते म्हणाले, ते मीच टाकायला सांगितलं, तूच तर उठून गेली होतीस.

ताई, आता मला सांगावंच लागेल. बाबांनी शपथ घातली होती, पण ही शपथ पाळण्यात पाप आहे.

बाबांना ऐकू येत नाही. डावा कान पार गेलाय. उजव्याने दाराची थाप कळते तेवढीच. तीन वर्षं होत आली. जन्मभर तांब्यावर हातोडी चालवली, आळीतल्या म्हाताऱ्यांचं थोडंफार असंच असतं. आम्ही त्यांच्याशी कॅलेंडरच्या मागे लिहून बोलतो. गिऱ्हाइकांना कळू देत नाहीत, ओठ बघून निभावतात. आणि तुम्हाला तर मुळीच कळू द्यायचं नव्हतं.

तुमची गाणी यायची तेव्हा मी पेनड्राइव्ह टीव्हीला लावायची. बाबा म्हणायचे, सोनाली, तू तुझं काम करत राहा. आणि टीव्हीकडे पाठ करून, माझ्याकडे तोंड करून वही घेऊन बसायचे. मी पोळ्या लाटत असायची, भाजी निवडत असायची. माझा हात थांबला की लिहायचे. मी खिडकीबाहेर बघितलं की लिहायचे. अंगठा माझाच हलत होता.

पाचव्या गाण्याला मी उठून गेले हे खरं. मागच्या वर्षी माझी आई कराडला दवाखान्यात होती. मी डबा न्यायची. ती दोन घास खायची आणि वाटी पुढे सरकवायची, म्हणायची, मला पुरे, बाकीचं तू खा. तुमच्या गाण्यातही दवाखान्यातली आई, आणि अगदी तेच शब्द. सासऱ्यांपुढे कुठे रडायचं, म्हणून मी मोरीत गेले आणि नळ सोडला. दुसऱ्या वेळी लावलं तेव्हाही तेच. बाबांनी वहीत लिहिलं, 'उठून गेली'. मला काय माहीत ते वाक्य तुमच्यापर्यंत असं पोचेल.

बाबांनी मला गाणं पुसायला सांगितलं होतं. मी पुसलं नाही. दुपारी भांडी घासताना लावते, कोणी नसतं तेव्हा. पेनड्राइव्ह सोबत पाठवते आहे.

बाबांवर रागावू नका. आणि रागावलात तर त्यांना कळवा तरी, ते रोज पोस्टमनची वाट बघतात.

तुमची,
सोनालीवहिनी


तांबट आळी
१० एप्रिल २०२५

चि. तनुजास,

आशीर्वाद लिहायला हात होत नाही. सोनालीने तुला कळवलं ते तिने मला सांगितलं. आठ दिवस झाले, तुझं उत्तर नाही. नसणारच.

मी तुला फसवलं, तनू. हे आधी लिहितो, म्हणजे पुढची कारणं वाचायची की नाही ते तुला ठरवता येईल.

तू पेपरात सांगितलंस, माझा मामा माझा कान आहे. तेव्हा माझे दोन्ही कान गेलेले होते. त्याच दिवशी कळवायला हवं होतं. पण अडुसष्ट वर्षांत मला कोणी कशाबद्दल मत विचारलं नव्हतं. भांड्याचं वजन विचारतात, भाव विचारतात. मत तू विचारलंस. मला वाटलं, ऐकू येत नाही म्हणून कळवलं की तुझी गाणी यायची बंद होतील, आणि मग पत्रंही. ताई गेल्यावर माझं म्हणावं असं तूच राहिली आहेस. म्हणून फोन नको म्हटलं, म्हणून भट्टी काढली. भट्टीला काही झालेलं नाही.

तो जादा ठोका. तो मी गाण्यात ऐकला नव्हता. तो माझ्या हातून पडला होता. तू दुकानात मोबाइल धरून बसली होतीस, हळू गुणगुणत होतीस, मी मारत होतो. तिसऱ्या कडव्याआधी तू शब्द विसरलीस आणि हसलीस. थेट ताईसारखी. मी तुझ्याकडे बघत राहिलो आणि हातोडी एकदा जास्त पडली. तेव्हा उजवा कान थोडा शाबूत होता. तुझं गुणगुणणं मी ऐकलं ते तेवढंच. तुझं गाजलेलं गाणं मी पुरं कधी ऐकलेलंच नाही. वरातीत लोक नाचताना बघितलंय.

परवा मी सोनालीला म्हटलं, त्या पाचव्याचे शब्द मला लिहून दे. तिने कॅलेंडरच्या मागे लिहिले. जानेवारीपासून मार्चपर्यंतची तिन्ही पानं भरली. वाचताना मी दुसऱ्या ओळीवर थांबलो. अगं, ताई हे दवाखान्यात शिकली नव्हती. आम्ही सहा आणि सात वर्षांचे होतो. एक पेरू मिळायचा. ती एक चावा घ्यायची आणि म्हणायची, गोड नाहीये, बाकीचं तू खा. गोडच असायचा. मला ते समजायला बरीच वर्षं लागली.

माझ्या बहिणीचं गाणं तू केलंस आणि मी ते टाक म्हणून सांगितलं. याच्यापुढे काय लिहू? ते परत घे, तनू. कंपनीचे पाय धरावे लागले तर मी येतो. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल.

गोपाळमामा


धायरी
१७ एप्रिल २०२५

प्रिय मामा,

चालेल म्हणे! कशाला चालेल?

वहिनीचं पत्र आलं त्या दिवशी मी इतकी संतापले की गच्चीत जाऊन ओरडले. गेनबाआजोबांनी खालून हात केला. मला वाटलं, माझा अख्खा अल्बम खोटा. ज्याच्या कानावर मी विसंबले त्याला कानच नाहीत. तुला चार कागद लिहिले आणि फाडले. त्यातली एक ओळ सांगते, म्हणजे मन मोकळं होईल: "तू माझ्या आईला दुसऱ्यांदा नेलंस." लिहिलं आणि मलाच माझी लाज वाटली. तुझीसुद्धा ती बहीणच होती.

मग एके दिवशी भिंतीवरची तुझी पत्रं परत वाचली. मामा, तू एकदाही खोटं लिहिलेलं नाहीस. पोळी खरंच करपली होती. अंगठा खरंच हलला होता. माझं गाणं एका बाईच्या स्वयंपाकघरात शिरल्यावर तिचं काय होतं, ते तू बघून सांगितलंस. असं आजवर कोणी केलं नाही. चूक एकच झाली. उठून जाणारा माणूस कंटाळूनच जातो, असं तुला वाटलं. आणि मलाही वाटलं. पाच हजार माणसांनी 'बस, बस' ओरडल्यापासून मला प्रत्येक पाठ फिरवलेला माणूस तसाच दिसतो. ती चूक आपण दोघांनी मिळून केली.

आता ऐक. म्हणजे वाच. अनिरुद्धला मी वहिनीच्या पेनड्राइव्हवरचं गाणं ऐकवलं. ते संपल्याबरोबर तो फोन आल्याचं नाटक करून बाहेर गेला. फोन आला नव्हता! मी बघत होते, तुझ्यासारखी. अल्बम जूनपर्यंत पुढे ढकललाय. आठांची नऊ गाणी होणार.

आणि ज्या मुलीने आठ गाण्यांत हातोडी घालायला नकार दिला, ती नवव्यासाठी स्वतः हातोडी मागायला येते आहे. कंपनीसाठी नव्हे. पेरूचं वाचलं तेव्हाच ठरवलं, या गाण्यात तू पाहिजेस.

रविवारी सकाळी येते. तोंड न बांधता येते, आळीला काय बघायचं ते बघू दे. भट्टीचं नाव काढलंस तर परत जाईन.

तुझी तनु

ता. क. वहिनीसाठी पाटवडी आणते आहे. आईच्या पद्धतीची, बिघडली तरी खायची.


तांबट आळी
२२ जून २०२५

चि. तनुजास तोंडभरून आशीर्वाद.

तुझा अल्बम शुक्रवारी आला हे मला आळीवरूनच कळलं. समोरच्या महिपतीने त्याच्या दुकानात लावला आणि हातवारे करून मला सांगायला आला. मी म्हटलं, ऐकतोय. सवय जात नाही.

आधी कानाचं. सोनाली आणि विश्वजीत मला तपासायला घेऊन गेले. मशीन मिळालं. ते लावून मी कसबा गणपतीपर्यंत चालत गेलो आणि परत आल्यावर काढून डबीत ठेवलं. तीन वर्षांत रिक्षावाल्यांचे हॉर्न एवढे वाढले असतील अशी कल्पना नव्हती. त्यातून गाणं म्हणजे पत्र्यावर वाळू ओतल्यासारखं वाटतं. पण घरात बोलायला बरं आहे. सोनालीचा आवाज मी विसरलोच होतो. कॅलेंडरचे पैसे वाचले असं ती म्हणते.

आता गाण्याचं. तू त्या रविवारी आलीस, गिटार काढलीस आणि माझा हात धरून तुझ्या पाठीवर ठेवलास, दोन खांद्यांच्या मध्ये. तू लहान असताना तापात मी असाच हात ठेवून बसायचो. तू गात होतीस आणि माझ्या तळहाताला ते कळत होतं. जिथे आवाज फाटला ती जागासुद्धा कळली. मग मी घंगाळावर ठोके मारले आणि तू बोटाने मोजत होतीस. सोळा ओळी, ओळीला चार. चौसष्ट ठोके मी मारले. या वेळी एकही जादा पडू दिला नाही, तुझ्याकडे बघत असूनही.

काल दुपारी मी तेच घंगाळ पालथं घातलं, खाली सोनालीचा स्पीकर सरकवला आणि वर दोन्ही हात ठेवून बसलो. या वेळी सोनालीकडे बघितलं नाही. ती उठून गेली की नाही तेही मला माहीत नाही. नऊ गाणी हातांनी ऐकली. पोळीवालं गाणं तळहाताच्या मधोमध येतं. अंगठ्याचं गाणं बोटांच्या टोकांना येतं. नववं मनगटापर्यंत चढतं.

मी माझे ठोके मोजत होतो. एका ठोक्याला लागून दुसरा, कुठे ओळ वाकडी नाही. साठ. एकसष्ट. बासष्ट. त्रेसष्ट. आणि गाणं संपलं. तांबं गार झालं.

चौसष्टावा नव्हता. मला वाटलं, कंपनीने कापला. रागच आला, तुला लिहायला कागदसुद्धा काढला. परत लावलं, परत त्रेसष्टच. तेव्हा शेवटच्या ओळीचे शब्द आठवले, सोनालीने मार्चच्या पानावर लिहिले होते ते: बाकीचं तू खा. तू माझ्यासाठी ठेवला होतास. कसल्या मायलेकी आहात तुम्ही! पुरता घास एकदा तरी स्वतः खाल्लात का?

तिसऱ्यांदा लावलं. त्रेसष्ट झाले, थोडं थांबलो, आणि उरलेला एक ठोका मी बोटाने घंगाळावर मारला. तो मला ऐकू आला.

तुझा,
गोपाळमामा